पर्गामम : टेकडीवरचे ग्रंथालय

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या व्याख्यानासाठी तुर्कस्तानातील एका उजाड टेकडीचा विषय निवडला जावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या टेकडीचा आणि ग्रंथालय या संस्थेचा संबंध फार जुना आहे. इतका जुना की, युरोपातील अनेक भाषांत चर्मपत्राला जो शब्द आहे, तो या टेकडीच्या नावावरूनच आलेला आहे. जर्मन त्याला 'पेर्गामेंट' म्हणतात, इंग्रज 'पार्चमेंट' म्हणतात. मूळ नाव पर्गामम. आज टेकडीच्या पायथ्याशी जे गाव नांदते आहे, त्याचे बेर्गामा हे नावही त्याच नावाचे बदललेले रूप होय.

इजियन समुद्रापासून सुमारे पंचवीस किलोमीटर आत, कायकस नदीच्या सुपीक खोऱ्यात ही टेकडी एकटी उभी आहे. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारे ३३५ मीटर. तीन बाजूंनी उतार इतका उभा आहे की चढाई करणाऱ्या सैन्याला दक्षिणेखेरीज दुसरी वाट सोयीची नाही. ज्यांनी आपल्याकडील गिरिदुर्ग पाहिले आहेत, त्यांना या जागेची निवड का झाली हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. किल्ल्यासाठी ही जागा उत्तम, शहरासाठी मात्र अत्यंत गैरसोयीची. घर बांधायचे तर आधी डोंगर फोडून सपाटी करायची, आणि ती सपाटी टिकावी म्हणून खाली भिंत घालायची. असे असूनही ग्रीक लोकांनी येथे किल्ला नव्हे, तर नाट्यगृह, मंदिरे, बाजारपेठ, व्यायामशाळा आणि ग्रंथालय असलेले एक परिपूर्ण नगर वसविले.

या वैभवाचा आरंभ मात्र एका विश्वासघातात आहे. अलेक्झांडरचा एक सेनापती लायसिमॅकस याने आपला नऊ हजार टॅलंटांचा खजिना या गडावर ठेवला आणि फिलेटायरस नावाच्या अधिकाऱ्याला त्याचा रखवालदार नेमले. इ.स.पू. २८२ च्या सुमारास फिलेटायरसाने धनी बदलला. पुढच्याच वर्षी लायसिमॅकस रणात पडला आणि खजिना रखवालदाराकडेच राहिला. भूगोलकार स्ट्रेबो सांगतो की, बालपणी एका अंत्ययात्रेच्या गर्दीत दाईच्या कडेवर असताना चेंगरल्यामुळे फिलेटायरसाला नपुंसकत्व आले होते. त्यामुळे गादी पुतण्याकडे गेली आणि त्यातून अॅटॅलिड घराणे उभे राहिले. घराण्याला ना थोर कूळ, ना अलेक्झांडरच्या रक्ताशी नाते. जवळ होता तो पैसा. अशा नव्या श्रीमंतांना प्रतिष्ठा विकत घ्यावी लागते, आणि ती त्यांनी विद्येच्या व कलेच्या बाजारात घेतली. हे म्हणणे थोडे कठोर वाटेल. पण ज्या संस्थांचा आपण गौरव करतो त्यांच्या मुळाशी पुष्कळदा अशीच सरमिसळ असते, आणि म्हणून संस्था कमी दर्जाची ठरत नाही.

अॅटॅलस पहिला (इ.स.पू. २४१ ते १९७) याने गॅलेशियन टोळ्यांचा पराभव करून राजा ही पदवी धारण केली. त्याचा पुत्र युमेनीस दुसरा याच्या काळात राज्य भरभराटीला आले; ग्रंथालयाची वाढही त्यानेच केली, असे स्ट्रेबोच्या लिखाणावरून दिसते. अखेरचा राजा अॅटॅलस तिसरा इ.स.पू. १३३ मध्ये वारला आणि आपले राज्य मृत्युपत्राने रोमन जनतेला देऊन गेला. अवघ्या दीडशे वर्षांचा हा खेळ. परंतु दीडशे वर्षांत या घराण्याने डोंगरावर जे कोरले, ते पुसायला दोन हजार वर्षे पुरली नाहीत.

आज टेकडीवर गेल्यावर प्रथम नजरेत भरते ते नाट्यगृह. सुमारे दहा हजार प्रेक्षकांची ही बैठक टेकडीच्या पश्चिम उतारावर इतकी उभी कोरलेली आहे की वरच्या पायरीवरून खाली पाहताना डोळे फिरतात. खाली रंगमंचाच्या जागी मात्र काहीच नाही. सुमारे अडीचशे मीटर लांबीची अरुंद सपाटी आणि तिच्या फरशीत चौकोनी खळगे, एवढेच. ही सपाटी म्हणजे डायोनायससच्या मंदिराकडे जाणारा रस्ता होता. दगडी रंगमंच बांधला असता तर तो रस्ता आणि खोऱ्याचा देखावा दोन्ही अडले असते. म्हणून खेळाच्या वेळी त्या खळग्यांत लाकडी खांब रोवून मंच उभारीत आणि उत्सव संपला की उतरवून ठेवीत. गणेशोत्सवात मांडवासाठी वासे रोवणाऱ्यांना ही रीत परकी वाटू नये. लाकूड तर केव्हाच गेले. परंतु खळगे राहिले आणि त्या खळग्यांवरून नाट्यगृहाची सारी व्यवस्था वाचता येते.

पाण्याची कथाही अशीच. एवढ्या उंचीवर हजारो माणसांना पाणी कोठून आणायचे? उत्तरेला मॅड्रादाग नावाच्या पर्वतातील झऱ्यांपासून चाळीस किलोमीटरांहून लांब नळ टाकण्यात आला. भाजलेल्या मातीच्या नळांच्या तीन समांतर रांगा डोंगराच्या अंगाअंगाने उतरत येत आणि गडासमोरच्या एका उंच माथ्यावरील टाकीत पाणी सोडीत. पुढे खरी अडचण होती; कारण माथा आणि गड यांच्यामध्ये खोल दरी. पाणी दरीत उतरवून पलीकडे पुन्हा चढवायचे, तर तळाशी पाण्याचा दाब एवढा की मातीचा नळ फुटून जाईल. म्हणून तेथे धातूचा बंदिस्त नळ घालण्यात आला. तो नळ आज नाही. कोणीतरी केव्हाच काढून नेऊन वितळविला असणार. शिल्लक आहेत ते नळाला जागेवर धरून ठेवणारे मधोमध भोक असलेले दगड. त्या मार्गावरील मातीत शिशाचा अंश अधिक आढळल्यामुळे नळ शिशाचा होता असे मानले जाते. टाकी गडापेक्षा उंचावर, म्हणून पाणी आपोआप वर चढे. यंत्राची गरज नव्हती.

आता वेदीकडे वळले पाहिजे, कारण पर्गाममचे नाव जगात झाले ते या वेदीमुळे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात उभारलेली ही संगमरवरी वेदी सुमारे ३६ मीटर रुंद आणि ३४ मीटर खोल होती. तिच्या चौथऱ्याभोवती देव आणि दैत्य यांच्या युद्धाचा शिल्पपट्ट फिरत होता. त्याची लांबी ११३ मीटर, उंची दोन मीटरांहून अधिक. पिळवटलेली शरीरे, उडणारी वस्त्रे, दैत्यांच्या पायांच्या जागी वळवळणारे साप, केसांना धरून मान मागे ओढलेला तरुण दैत्य आणि जमिनीतून अर्धी वर येऊन मुलासाठी पदर पसरणारी त्याची माता पृथ्वी. विजय देवांचा आहे, पण पाहणाऱ्याचे मन त्या मातेपाशी अडते. ज्या शिल्पकारांनी हे कोरले, त्यांना विजयाचे गाणे गाण्यासाठी नेमलेले होते. त्यांनी पराभूताचे दुःखही कोरून ठेवले.

ही वेदी आज टेकडीवर नाही. तेथे पायऱ्यांच्या पायाचे दगड आहेत आणि त्यांवर वाढलेले पाइन वृक्ष आहेत. वेदी बर्लिनमध्ये आहे. ती तेथे कशी गेली ही हकीकत थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे.

कार्ल हुमान हा जर्मन अभियंता प्रकृतीसाठी उष्ण हवेच्या प्रदेशात आला आणि तुर्की सरकारसाठी रस्ते बांधू लागला. १८६४-६५ च्या हिवाळ्यात तो पर्गाममला प्रथम पोहोचला, तेव्हा टेकडीवर चुन्याच्या भट्ट्या पेटलेल्या होत्या. संगमरवर फोडून भट्टीत घालायचा, त्याचा चुना करायचा आणि तो घरबांधणीसाठी विकायचा, हा तेथला पिढ्यान् पिढ्यांचा उद्योग. देवांचे हात आणि दैत्यांची मस्तके अशी किती भाजली गेली याची गणती नाही. हुमानने खटपट करून भट्ट्या बंद पाडल्या. १८७८ च्या सप्टेंबरात उत्खनन सुरू झाले. बर्लिनच्या संग्रहालयाचा अधिकारी अलेक्झांडर कोंत्से हा त्याचा पाठीराखा. शिल्पपट्टाच्या फरशा मुख्यतः सापडल्या त्या एका जाड तटबंदीच्या पोटात. बायझंटाइन काळात शत्रूच्या भीतीने लोकांनी घाईघाईने तट उभारला, तेव्हा हाताशी आलेली शिल्पे त्यांनी दगड म्हणून भिंतीत चिणली होती. ज्यांनी शिल्पाला शिल्प मानले नाही, त्यांच्यामुळेच ते भट्टीतून वाचले. इतिहासात असा विपरीत न्याय वारंवार दिसतो.

तेव्हाच्या तुर्की कायद्याप्रमाणे सापडलेल्या वस्तूंचे वाटे होत. सरकारचा वाटाही जर्मनांनी पैसे देऊन घेतला आणि फरशा बर्लिनला रवाना झाल्या. १८८४ मध्ये तुर्कस्तानने नवा नियम करून प्राचीन वस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी केली. परंतु तोवर वेदी गेलेली होती. बर्लिनमध्ये तिच्यासाठी बांधलेले भव्य संग्रहालय १९३० मध्ये खुले झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सैन्याने शिल्पे लेनिनग्राडला नेली; ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस परत आली. १९९० च्या दशकात बेर्गामाच्या नागरिकांनी वेदी परत मिळावी म्हणून मोहीम चालविली. २०१४ साली संग्रहालयातील वेदीचे दालन दुरुस्तीसाठी बंद झाले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात संपूर्ण संग्रहालयच बंद करण्यात आले. योगायोग असा की, ज्या २०१४ मध्ये बर्लिनचे दालन बंद झाले, त्याच वर्षी पर्गाममच्या टेकडीचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

वेदी कोणाची, या वादात दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे आहे. हुमान आला नसता तर आज वाद घालायला वेदीच उरली नसती, हे खरे. परंतु चुनाभट्टीचा युक्तिवाद १८७८ मध्ये जेवढा सबळ होता तेवढा तो कायमचा सबळ राहत नाही. एखाद्याने जळत्या घरातून वस्तू बाहेर काढली, याचा अर्थ घर पुन्हा बांधून झाल्यावरही ती वस्तू त्याचीच राहावी, असा होतोच असे नाही. हुमानविषयी मात्र बेर्गामात अढी नाही. १८९६ मध्ये तो स्मिर्ना येथे वारला. १९६७ मध्ये त्याचे अवशेष पर्गाममच्या टेकडीवर आणून, वेदीच्या पायाजवळच पुरण्यात आले. वेदी तिकडे आणि ती नेणारा इकडे, अशी ही अदलाबदल आहे.

आता ग्रंथालय. नाट्यगृहाच्या वरच्या अंगाला अथीना देवीचे प्रांगण आहे. त्याच्या उत्तरेकडील दुमजली सोप्याच्या मागे, वरच्या मजल्याच्या पातळीवर, चार खोल्यांच्या भिंतींचे अवशेष उत्खननात सापडले. त्यांपैकी सर्वांत मोठे दालन सुमारे सोळा मीटर लांब आणि साडेतेरा मीटर रुंद आहे. त्याच्या तीन भिंतींच्या कडेने, भिंतीपासून अदमासे अर्धा मीटर अंतर सोडून, एक नीच दगडी ओटा बांधलेला होता आणि भिंतीत ओळीने भोके होती. याच परिसरात अथीनेची तीन मीटरांहून उंच संगमरवरी मूर्ती मिळाली. होमर, हिरोडोटस, कवी अल्कीयस यांची नावे कोरलेले पुतळ्यांचे चौथरेही मिळाले. कोंत्से याने १८८४ मध्ये सांगितले की हेच ते ग्रंथालय. भोकांत खुंट्या ठोकून कपाटे अडकविली असावीत, ओटा त्यांना आधार असावा, आणि भिंतीची ओल ग्रंथांना लागू नये म्हणून मध्ये फट सोडली असावी, असे त्याचे अनुमान.

पावसाळ्यात पुस्तकांची कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवणाऱ्या कोणत्याही ग्रंथपालाला हे अनुमान ताबडतोब पटेल. पटण्याजोगे आहे म्हणूनच ते शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांत टिकले. परंतु अलीकडच्या काही अभ्यासकांना ते मान्य नाही. देवीच्या मूर्तीसमोर दगडी ओटा असलेले हे दालन मौल्यवान वस्तू मांडण्याचे किंवा मेजवान्यांचे असू शकेल, भोके भिंतीवर बसविलेल्या संगमरवरी फरशांची असू शकतील, असे ते म्हणतात. म्हणजे जगातील एका अतिप्रसिद्ध ग्रंथालयाची एक पोथी तर उरली नाहीच, पण ते कोणत्या खोलीत होते हेही निर्विवादपणे दाखविता येत नाही. रंगमंचाचे खळगे निःसंदिग्ध बोलतात, नळाचे दगड बोलतात. ग्रंथालयाची भोके मात्र विचारील त्याला हवे ते उत्तर देतात.

ग्रंथसंख्येचेही तसेच. पर्गाममच्या ग्रंथालयात दोन लक्ष ग्रंथ होते असे सर्रास छापले जाते. या आकड्याचे मूळ प्लुटार्कने लिहिलेल्या अँटनीच्या चरित्रात आहे. अँटनीने पर्गाममचे दोन लक्ष ग्रंथ क्लिओपात्राला देऊन टाकले, असा आरोप कॅल्व्हिसियस नावाच्या त्याच्या एका विरोधकाने केला होता. प्लुटार्क लगोलग सांगतो की या माणसाचे बहुतेक आरोप रचलेले असावेत असे लोक मानीत. म्हणजे एका राजकीय भाषणातील आकडा दोन हजार वर्षे दाखल-नोंदवहीतील आकड्याच्या थाटात वावरतो आहे! त्या दालनात दोन लक्ष गुंडाळ्या मावण्याचाही संभव नाही. शिवाय त्या काळी ग्रंथ म्हणजे एक गुंडाळी. एकट्या इलियडच्या चोवीस गुंडाळ्या होत. ग्रंथालयाची एक सूची मात्र निश्चित होती, कारण नंतरच्या लेखकांनी पर्गाममच्या सूचीचा हवाला दिलेला आढळतो. ती सूचीही आज नाही.

मग या ग्रंथालयाचे उरले काय? उरल्या त्या माणसांनी सांगितलेल्या काही गोष्टी. त्या सर्वच गौरवाच्या नाहीत, आणि म्हणूनच त्या विश्वसनीय वाटतात.

पहिली गोष्ट हव्यासाची. अलेक्झांड्रियाचे टॉलेमी आणि पर्गाममचे अॅटॅलिड यांच्यात ग्रंथ जमविण्याची चुरस लागली होती. गॅलेन हा वैद्य लिहितो की, राजे जुन्या ग्रंथांना भरमसाट किंमत देऊ लागले तेव्हापासून ग्रंथांवर खोटी नावे घालून विकणारे निर्माण झाले. विद्वानांचीही पळवापळवी चाले. अॅरिस्टोफेनीस ऑफ बायझँटियम हा अलेक्झांड्रियाचा ग्रंथपाल पर्गाममला पळून जाण्याच्या बेतात आहे अशी कुणकुण लागताच त्याला तुरुंगात टाकले, असे एका बायझंटाइन कोशात नमूद आहे.

या हव्यासाची झळ बसली ती अॅरिस्टॉटलच्या ग्रंथांना. स्ट्रेबोची हकीकत अशी. अॅरिस्टॉटलचा ग्रंथसंग्रह थिओफ्रॅस्टसकडे आणि त्याच्याकडून नेलियस नावाच्या शिष्याकडे गेला. नेलियसने तो आपल्या गावी, स्केप्सिस येथे नेला. हे गाव अॅटॅलिड राजांच्या अंमलाखालचे. नेलियसचे वारस विद्येशी संबंध नसलेले. राजाची माणसे ग्रंथ शोधीत फिरताहेत हे ऐकून त्यांनी सारा संग्रह जमिनीखाली खंदकात पुरून ठेवला. तेथे ओलीने आणि कसरीने त्याची चाळण झाली. पुढे एका ग्रंथसंग्राहकाने तो विकत घेतला, खाल्लेल्या जागा आपल्या बुद्धीने भरल्या आणि चुकांची भर घातली. आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक विनवणी करतो की तेलापासून, पाण्यापासून, ढिल्या बांधणीपासून आणि मूर्खाच्या हातापासून माझे रक्षण करा. ग्रंथालयाच्या लोभापासूनही रक्षण करा, असे म्हणण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. स्केप्सिसच्या पोथ्यांवर मात्र ती आली.

दुसरी गोष्ट चर्मपत्राची. रोमन पंडित व्हॅरो याच्या आधाराने प्लिनी सांगतो की, या चुरशीपायी टॉलेमीने पपायरसची निर्यात बंद केली आणि पर्गाममच्या लोकांनी चर्मपत्राचा शोध लावला. शोध लावला हे शब्दशः खरे नाही. कातड्यावर लिहिण्याची रीत हिरोडोटसलाही ठाऊक होती. इ.स.पू. १७० नंतर इजिप्तवर सीरियाच्या राजाची स्वारी झाली, त्या धामधुमीत पपायरसचा पुरवठा तुटला असावा, असे काही अभ्यासक सुचवितात. काही असो, कातडे न कमावता भिजवून, खरवडून, चौकटीवर ताणून वाळवायचे आणि दोन्ही बाजूंनी लिहिण्याजोगे गुळगुळीत करायचे, ही कला पर्गाममच्या नावाशी जोडली गेली. भारतात भूर्जपत्र, ताडपत्र आणि पुढे कागद यांवर भागले. कातड्यावर पोथी लिहिणे आपल्या परंपरेला रुचलेही नसते. युरोपात मात्र पपायरस दमट हवेत सडत असताना चर्मपत्राने हजार वर्षे विद्या सांभाळली. पपायरसची गुंडाळी घडी घातली की मोडते. चर्मपत्राची घडी घालता येते, घड्या शिवता येतात. बांधीव पुस्तक रुळण्यास या गुणाचे साहाय्य झाले.

तिसरी गोष्ट एका ग्रंथपालाची. इ.स.पू. पहिल्या शतकात पर्गाममच्या ग्रंथालयाचा सांभाळ अॅथिनोडोरस या स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञाकडे होता. आपल्या पंथाच्या आद्य आचार्यांच्या ग्रंथांत त्याला काही विधाने लाजिरवाणी वाटली. वाचकांनी ती वाचू नयेत म्हणून त्याने ती ग्रंथांतून कापून टाकली. हे उघडकीस आले, तो अडचणीत आला, आणि कापलेला मजकूर पुन्हा घालण्यात आला, असे डायोजिनीस लेअर्शियसने नोंदविले आहे. अॅथिनोडोरस हा सामान्य मनुष्य नव्हे. पुढे केटोसारखा करारी रोमन त्याला आपल्या घरी घेऊन जाण्यासाठी मुद्दाम पर्गाममला आला. त्याचा हेतूही हलका नव्हता. परंतु ज्याच्या हाती किल्ली असते त्याच्याच हाती कात्री येणे किती सोपे असते, हे या प्रसंगातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच होते. समाधान एवढेच की, कोणा वाचकाजवळ ताडून पाहण्याजोगी दुसरी प्रत असली पाहिजे. तीवाचून हे उघडकीस आलेच नसते.

चौथी गोष्ट हसविणारी आहे. मॅलसचा क्रेटीस हा युमेनीसच्या दरबारातील थोर व्याकरणकार. पृथ्वीचा मोठा गोल करून त्याने तिचे स्वरूप समजाविले होते. इ.स.पू. १६८ च्या सुमारास पर्गाममच्या राजाचा वकील म्हणून तो रोमला गेला आणि पॅलेटाइन टेकडीजवळ गटाराच्या उघड्या तोंडात पडून त्याचा पाय मोडला. वकिली राहिली बाजूला. अंथरुणाला खिळलेला हा पंडित बरा होईपर्यंत व्याख्याने देत राहिला. स्युटोनियसच्या मते रोममध्ये व्याकरणाच्या, म्हणजे ग्रंथांच्या चिकित्सक अध्ययनाच्या अभ्यासाला आरंभ झाला तो या व्याख्यानांपासून. नगरपालिकेच्या गटारांची झाकणे जागेवर असती तर रोमन विद्येचा इतिहास निराळा झाला असता, असे म्हणण्यास हरकत नाही.

राज्य रोमकडे गेल्यावरही पर्गामममध्ये वाचन थांबले नाही. गडावर ट्राजन बादशहाचे शुभ्र मंदिर उठले. त्याचे काही खांब जर्मन पुरातत्त्वज्ञांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उभे केले असून खालच्या गावातून आज तेच प्रथम दिसतात. सपाटीवर अॅस्क्लेपियस या आरोग्यदेवतेचे क्षेत्र होते. दूरदूरचे रोगी तेथे येऊन राहत, देवळात निजत आणि स्वप्नात मिळालेल्या आदेशाप्रमाणे उपचार घेत. तेथेही एक ग्रंथालय होते. ते हेड्रियन बादशहाच्या काळात फ्लाव्हिया मेलिटिनी नावाच्या स्त्रीने स्वखर्चाने बांधून दिले. गडावरच्या राजांच्या ग्रंथालयाची जागा वादग्रस्त आहे. या दानशूर बाईच्या ग्रंथालयाची जागा मात्र तिच्या नावाच्या शिलालेखामुळे निश्चित आहे.

याच नगरात इ.स. १२९ मध्ये गॅलेनचा जन्म झाला. बाप वास्तुशिल्पी. मुलगा वैद्य झाला, मल्लांच्या जखमा शिवता शिवता शरीररचना शिकला आणि पुढे रोममध्ये बादशहांचा वैद्य झाला. त्याचे लिखाण प्रचंड. आपले ग्रंथ, औषधे, शस्त्रे आणि चर्मपत्राच्या वह्यांत उतरलेले दुर्मीळ औषधयोग त्याने रोममधील एका भक्कम कोठारात ठेवले होते. इ.स. १९२ मध्ये मोठी आग लागली आणि त्यात सारे भस्मसात झाले. एवढी हानी सोसूनही मन शांत कसे ठेवले, असे एका मित्राने विचारले, तेव्हा गॅलेनने त्याला उत्तरादाखल एक दीर्घ पत्र लिहिले.

हे पत्र शतकानुशतके नष्ट झाले असे मानले जात होते. २००५ मध्ये ग्रीसमधील थेसालोनिकी येथील व्लाताडोन मठाच्या ग्रंथसंग्रहात एक तरुण फ्रेंच संशोधक पंधराव्या शतकातील एक हस्तलिखित चाळीत असता ते त्याला सापडले. त्यात गॅलेन जळालेल्या एकेका वस्तूचा हिशेब देतो. आपल्या ग्रंथांच्या प्रती करून झाल्या होत्या, असे तो लिहितो. उन्हाळ्याच्या आरंभी त्या कँपेनियातील आपल्या घरी न्यायच्या होत्या, आणि आग लागली ती हिवाळ्याच्या अखेरीस. प्रती कशासाठी केल्या होत्या, तेही त्याने सांगितले आहे. मायदेशातील मित्रांनी त्याचे सर्व ग्रंथ मागितले होते. तेथल्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवण्यासाठी.